बैलांना घटसर्पाची लस, मग वहिनींना का नको?

रोहिण्या निघायच्या आधी आमच्या वस्तीवर दरवर्षी एक ठरलेला कार्यक्रम असतो. जनावरांच्या दवाखान्यातली माणसे येतात आणि घटसर्प-फऱ्याची लस टोचून जातात. लिंबाखाली बैल, गाई, म्हशी ओळीने बांधायच्या, एकाने वेसण धरायची, एकाने पाठीवरून हात फिरवायचा, आणि बघता बघता काम उरकते. पाऊस पडला, कोवळा चारा आला, गोठ्यात ओल धरली की रोग येणार, हे आम्हा शेतकऱ्यांना कोणी शिकवावे लागत नाही. घटसर्पाने रात्रीतून बैल गेलेला ज्याने पाहिला आहे, तो सुई चुकवत नाही.

दोन वर्षांपूर्वी असाच कार्यक्रम चालला होता. थोरल्या वहिनी ओसरीवर बसून बघत होत्या. दोन्ही हात पदराखाली झाकलेले. सकाळच्या गारव्यात त्यांचे हात दुखतात, म्हणून त्या तसेच बसतात. शेवटच्या कालवडीला सुई झाली तशा त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, बैलाला आजारी पडायच्या आधी सुई देता. मी मातूर आजारी पडून, दवाखान्यात निजून, मग सुई घ्यायची व्हय?"

मी आधी हसलो आणि मग गप्प झालो. कारण त्याच्या आदल्या श्रावणात वहिनी न्यूमोनियाने अकरा दिवस दवाखान्यात होत्या. ते बिल भागवायला आम्ही दुभती गाय विकली होती. वहिनींचे बोलणे अगदी खरे होते. त्यांना संधिवात आहे, त्या संधिवाताची औषधे चालू आहेत, आणि अशा माणसाने पावसाळ्याआधी कोणती काळजी घ्यावी हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हापासून डॉक्टरांना विचारून, स्वतः अनुभव घेऊन जे कळले, ते इतर घरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

पहाटेची वेणी

वहिनींचे दुखणे नऊ वर्षांपूर्वी सुरू झाले. तेव्हा त्यांचे वय अडतीस. पहाटे उठून स्वतःची वेणी घालता येईना. तांब्या उचलता येईना. भाकरीचे पीठ मळायला बसल्या की डोळ्यांतून पाणी यायचे. दहा-अकरा वाजेपर्यंत हात हळूहळू मोकळे व्हायचे आणि मग त्या खुरपायलाही जायच्या. त्यामुळे घरात बोलणे असे, की सकाळच्या कामाच्या वेळीच हिचे हात कसे दुखतात? हे बोलणे त्यांच्या मनाला फार लागले. आज त्याची आठवण झाली की आम्हालाच लाज वाटते. सकाळी सांधे धरणे आणि दिवस वर आल्यावर सैल होणे, हेच तर या रोगाचे मुख्य लक्षण!

सुरुवातीला तेल चोळून झाले, बिब्ब्याचे चटके देऊन झाले. मग बाजारात बसणाऱ्या एकाकडून पुड्या आणल्या. चार दिवसांत वहिनी पळू लागल्या, तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. परंतु दोन-तीन महिन्यांत तोंड सुजून गोल झाले, साखर वाढली, आणि पुडी चुकली की दुखणे दुप्पट होऊन येई. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले, की अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉईड कुटून घातलेले असते. स्टिरॉईड हे मोठे औषध आहे, पण ते मोजून, वेळ ठरवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बरेच दिवस घेतलेले स्टिरॉईड एकदम बंद करणेही धोक्याचे असते. ते उतरत्या मापानेच सोडावे लागते.

हा संधिवात कोणता?

आपल्याकडे कोणताही सांधा दुखला की "वात झाला" म्हणतात. परंतु सगळे वात सारखे नसतात. म्हातारपणी गुडघे झिजून दुखतात, तो प्रकार निराळा. २००६ साली चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा गावेच्या गावे कंबर धरून चालत होती, तोही निराळा. वहिनींना झाला तो ऱ्हुमॅटॉईड संधिवात. यात दोन्ही हातांचे लहान सांधे, म्हणजे बोटांची पेरे, मनगटे आणि पायाचे चवडे सुजतात. एका बाजूला दुखले तर बहुधा दुसऱ्या बाजूलाही दुखते. सकाळी अर्धा-एक तास किंवा त्याहून अधिक वेळ सांधे धरून राहतात. थकवा येतो, बारीक ताप येतो, वजन घटते. पुरुषांपेक्षा बायकांना हा रोग दोन-तीन पटीने अधिक होतो, आणि तोही पुष्कळदा ऐन कामाच्या वयात.

हा काही शहरातला रोग नव्हे. आमच्या भीमाकाठच्या भिगवणला १९९६ साली पुण्याचे डॉक्टर अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेतली ही पाहणी होती. चार हजारांवर प्रौढ माणसे तपासली. शंभरात सुमारे अठरा जणांना सांध्यांचे, पाठीचे, स्नायूंचे काही ना काही दुखणे निघाले, आणि हजारात पाचजणांच्या आसपास ऱ्हुमॅटॉईड संधिवात आढळला. म्हणजे दोन-तीन हजार वस्तीच्या गावात असे आठ-दहा रुग्ण असायचेच. आपण त्यांना "हिचे हात वाकडे झाले" एवढेच म्हणून ओळखतो.

हात वाकडे होणे टाळता येते, हे मुख्य. सहा आठवड्यांहून अधिक दिवस लहान सांध्यांना सूज राहिली, तर बिब्बा-पुडीत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. रक्ताच्या तपासण्या करून निदान करता येते. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर सांधे बऱ्याच अंशी वाचतात. एकदा झिजलेले हाड मात्र कोणत्याही गोळीने पुन्हा उभे राहत नाही.

राखणीचा कुत्रा घरच्यांवर उलटला तर

डॉक्टरांनी आम्हाला हा रोग एका उदाहरणाने समजावला. वस्तीवर आपण राखणीला कुत्रा ठेवतो. चोर आला की त्याने भुंकावे, धरावे. आपल्या शरीरातही अशी राखण असते. ती रोगजंतूंना धरते. संधिवातात ही राखण बिघडते, आणि कुत्रा चोर सोडून घरच्याच माणसांवर धावून जातो. सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तराला तो चावे घेतो. म्हणून सूज येते, म्हणून कळा येतात.

यावरचे औषध म्हणजे कुत्र्याला साखळी घालणे. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच या डॉक्टरांनी कॉर्टिसोन हे स्टिरॉईड प्रथम संधिवाताच्या रुग्णाला दिले आणि खाटेला खिळलेली बाई चालू लागली. १९५० साली त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्याचे दुष्परिणामही कळले. १९८० नंतरच्या वर्षांत मेथोट्रेक्सेट नावाचे औषध लहान मात्रेत वापरात आले, आणि आज बहुतेक रुग्णांचे उपचार तेथूनच सुरू होतात. त्याच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन, लेफ्लुनोमाईड अशी औषधे देतात. फारच हट्टी दुखणे असेल तर त्याहून महागडी इंजेक्शने व गोळ्या आहेत.

पण साखळी घातली की कुत्रा घरच्यांना चावत नाही हे जसे खरे, तसे चोराचे फावते हेही खरे. अशा माणसाला सर्दी-ताप, न्यूमोनिया, नागीण, क्षय हे रोग इतरांपेक्षा लवकर गाठतात आणि अधिक जोराने येतात. याच कारणाने मोठी औषधे सुरू करण्यापूर्वी डॉक्टर छातीचा फोटो काढतात, क्षयाची व काविळीची तपासणी करतात. ती खर्चाची म्हणून टाळू नये.

लस म्हणजे काय, तर साखळीतल्या कुत्र्याला चोराचा वास आधीच हुंगवून ठेवणे. मग चोर आला तर साखळीत असूनही तो वेळेवर भुंकतो.

बाजारच्या दिवसाची गोळी

लशींकडे वळण्यापूर्वी या मेथोट्रेक्सेटविषयी सांगितलेच पाहिजे, कारण यात चूक झाली तर जीव जातो. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नव्हे! आमच्या पाहुण्यांतल्या एका आजोबांना चिठ्ठी नीट वाचता आली नाही. कोणी तरी "रोज एक" असे सांगितले. नऊ दिवस त्यांनी ती घेतली. तोंड आतून सोलून निघाले, रक्तातल्या पेशी खाली गेल्या, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन मोठ्या मिनतवारीने ते वाचले.

वहिनींनी यावर सोपी युक्ती काढली. आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. "बाजारचा दिवस तो गोळीचा दिवस" असे त्यांनी ठरवून टाकले. बाजार कोणी विसरत नाही, त्यामुळे गोळीही विसरत नाही. कॅलेंडरावर त्या दिवसाला तांबड्या पेन्सिलीने खूण करतात. ही गोळी २.५, ७.५, १० अशा वेगवेगळ्या वजनांत मिळते, म्हणून नवे पाकीट आणले की जुन्याशी ताडून बघतात. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या दिवशी घेतात. सुरुवातीला दर महिन्याला व पुढे दर तीन महिन्यांनी रक्त तपासून घेतात. या औषधावर असताना दारू वर्ज्य. यकृताला दुहेरी मार बसतो. तोंडात फोड आले, ताप आला, अंगावर काळे-निळे डाग उठले, कोरडा खोकला येऊन दम लागला, तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना गाठावे.

आणखी एक. कोणत्याही दुखण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर "मी मेथोट्रेक्सेट घेते" हे आधी सांगा. लघवीच्या जळजळीला किंवा जुलाबाला पुष्कळदा देतात ती कोट्रायमोक्साझोल नावाची गोळी या औषधाबरोबर घातक ठरते. वहिनी औषधांची चिठ्ठी पिशवीत घालून ब्लाऊजच्या खिशात ठेवतात. आपण बोलू शकलो नाही तरी चिठ्ठी बोलते, असे त्या म्हणतात.

घरातले भांडण

लस घ्यायची म्हटल्यावर आमच्या घरी भांडणच झाले. दादांचा विरोध होता. २०२१ साली वहिनींनी कोविडची लस घेतली तेव्हा दोन दिवस ताप आला होता, हातही जास्त दुखले होते. "सुईने वात भडकतो, मी डोळ्यांनी बघितलंय," असे दादांचे म्हणणे. आत्याबाईंनी त्यांचीच री ओढली.

दादांचा राग भीतीपोटी होता, हे आम्हाला कळत होते. मी त्यांनाच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर त्यांच्यावर रागावले नाहीत. ते म्हणाले, "दादा, तुम्ही बघितलं ते खरंच आहे. लशीनंतर एक-दोन दिवस अंग मोडतं, ताप येतो, दंड दुखतो. काहींचे सांधेही थोडे कुरकुरतात. पण ते उतरतं. न्यूमोनिया अकरा दिवस राहिला होता. दोन दिवस आणि अकरा दिवस, तुम्हीच हिशोब करा."

लशीचे भय काही आजचे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी तेथेच त्यावर लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. तरीही लोक लशीला भीत होते. देवीच्या वेळी आपल्या आजे-पणजांनी पोरे कणग्यांत लपवली. पण त्याच लशीने देवीचा रोग जगातून गेला. पन्नाशी उलटलेल्या पुष्कळ माणसांच्या दंडावर तिचा वण आजही दिसेल. धाकट्या पिढीच्या दंडावर तो नाही, कारण आता त्याची गरज उरली नाही.

जिवंत लस आणि मेलेली लस

लशी दोन जातींच्या असतात, आणि संधिवाताच्या रुग्णाने हा भेद पक्का समजून घ्यावा. बैलांना देतात ती घटसर्पाची लस मारलेल्या जंतूंची असते. २०२२ साली लंपीची साथ आली तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली. ती जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती. माणसांच्या लशींतही असेच आहे.

मेलेल्या जंतूंची किंवा जंतूच्या तुकड्यापासून केलेली लस रोग निर्माण करू शकत नाही. संधिवाताच्या औषधांवर असलेल्या माणसाला ती चालते. इंजेक्शनने देतात ती फ्लूची लस, न्यूमोनियाची, धनुर्वाताची, कावीळ-बी ची, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची, या सगळ्या अशा आहेत.

जिवंत लस मात्र साखळीतल्या कुत्र्यापुढे दुबळा का होईना, चोर सोडण्यासारखी. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, बीसीजी, तोंडाने द्यायचा पोलिओ आणि नाकात फवारायची फ्लूची लस या जिवंत आहेत. मेथोट्रेक्सेट, स्टिरॉईड किंवा महागडी इंजेक्शने चालू असलेल्या माणसाने त्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. परदेशी जाणाऱ्या मुलाकडे जायचे म्हणून पीतज्वराची लस मागितली, तर आधी आपली औषधे सांगावीत.

कोणती लस, केव्हा?

पहिली फ्लूची. हा विषाणू दरवर्षी रूप बदलतो, म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्या महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. २००९ साली स्वाईन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तो ऑगस्टच्या सुरुवातीलाच. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, बैलांच्या लशीच्या आगेमागे, ही घ्यावी. लशीचा गुण यायला दोन आठवडे लागतात. या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवले तर लस अधिक चांगली लागू पडते असे दिसून आले आहे. पण दुखणे उफाळणार नाही ना, हे बघून डॉक्टरच तसे सांगतील. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

दुसरी न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोकोकल लस. ही दरवर्षी घ्यावी लागत नाही. कोणत्या प्रकारची, एकदा की दोनदा, हे डॉक्टर ठरवतात.

तिसरी कावीळ-बी ची. आधी रक्त तपासून, लागण नसेल तर तीन टोचण्या. पहिलीनंतर एका महिन्याने दुसरी व सहाव्या महिन्याला तिसरी.

चौथी नागिणीची. नागिणीने कमरेला वेढा पूर्ण केला की माणूस जातो, असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे नाही. लहानपणी कांजिण्या देणारा विषाणूच मज्जातंतूंत दडून बसतो आणि अंगातली शक्ती घटली की नागीण होऊन उठतो. परंतु मागे राहणारी आग मात्र महिनोन्‌महिने छळते. नागिणीवर जिवंत नसलेली लस २०२३ पासून आपल्या देशात मिळू लागली. तिच्या दोन टोचण्या असतात. ती फार महाग आहे हे खरे. ज्यांना मोठी औषधे चालू आहेत त्यांनी निदान विचारून तरी ठेवावे.

लस दुखणे शांत असताना घ्यावी हे उत्तम. औषध सुरू होण्यापूर्वी घेता आली तर त्याहून उत्तम. पण लशीसाठी औषध लांबवू नये आणि औषधासाठी लस कायमची टाळू नये. स्टिरॉईडची मात्रा मोठी असेल तर काही लशी डॉक्टर थोड्या पुढे ढकलतात. रिटुक्सिमॅब नावाचे इंजेक्शन चालू असेल तर लशीची तारीख त्याच्या हिशोबाने धरावी लागते.

मोठ्या माणसांच्या यांतल्या बऱ्याच लशी विकत घ्याव्या लागतात. आमच्या घरी आता ऊसबिल आले की वहिनींच्या फ्लूच्या लशीचे पैसे आधी बाजूला काढून ठेवतात.

विळा लागला, कुत्रा चावला

शेतातल्या माणसाला जखमा नवीन नाहीत. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी, आणि खोल किंवा शेणा-मातीची जखम झाली तर आरोग्य केंद्रात दाखवावे. संधिवाताच्या औषधांवर जखम चिघळायला वेळ लागत नाही. म्हणून ती साबण-पाण्याने धुवावी. हळद, चुना, माती भरू नये.

कुत्रे चावले किंवा नुसते ओरखडले तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तेथे "माझी राखण कमी करणारी औषधे चालू आहेत" हे आवर्जून सांगावे. अशा माणसाला साध्या ओरखड्यालाही लशीच्या जोडीने जखमेत द्यायचे तयार प्रतिद्रव्य लागते आणि लशीच्या सगळ्या टोचण्या पुऱ्या कराव्या लागतात. पिसाळ एकदा उठली की तिच्यावर उपाय नाही.

सुना, लेकी आणि लहान मुले

घरात असा रुग्ण असेल तर बाकीच्यांनीही लशी घ्याव्यात. दारातच चोर अडला तर आत येणार नाही. लहान मुलांच्या लशी ठरल्या वेळी व्हायलाच हव्यात. फक्त पोलिओचा डोस असेल तेव्हा घरात कोणाला अशी औषधे चालू आहेत हे आशाताईंना व डॉक्टरांना सांगावे. पोलिओ आणि रोटाव्हायरसच्या डोसानंतर काही आठवडे बाळाचे लंगोट रुग्णाने धुऊ नयेत, दुसऱ्याने धुऊन साबणाने हात स्वच्छ करावेत. घरात कोणाला कांजिण्या झाल्या तर रुग्णाने दूर राहून लगेच डॉक्टरांना विचारावे.

ज्यांना मूल व्हायचे आहे अशा लेकी-सुनांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. मेथोट्रेक्सेट पोटातल्या गर्भाला घातक असते. दिवस राहण्याच्या काही महिने आधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने ते बंद करून दुसरे चालणारे औषध घ्यावे लागते. संधिवात असूनही चांगली बाळंतपणे होतात, पण ती आधी ठरवून. गरोदरपणात महागडी इंजेक्शने घेतली असतील तर बाळाला बीसीजी व इतर जिवंत लशी देण्यापूर्वी बाळाच्या डॉक्टरांना ते सांगावे.

रोजचे काम कसे करावे?

औषध आणि लस एवढ्याने भागत नाही. दिवस कामातच जातो, तेव्हा कामच थोडे वळवून घ्यावे लागते. आमच्या घरी असे बदल केले:

पहाटेची धार आता दादा काढतात. बोटांच्या चिमटीने ओढायचे काम सुजलेल्या पेरांना सर्वांत वाईट. सकाळी उठल्यावर वहिनी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू उघडतात-मिटतात, मग कामाला लागतात.

खुरप्याच्या आणि विळ्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली. मूठ जितकी जाड, तितकी बोटे कमी आवळावी लागतात. हंड्याऐवजी दोन लहान कळश्या. पातेले एका हाताने कानाला धरून उचलायचे नाही, दोन्ही तळव्यांवर घ्यायचे. पिशवी बोटांत न अडकवता कोपरात किंवा खांद्याला. धुणे पिळायचे नाही, तसेच निथळत टाकायचे.

चूल विटांवर उंच केली, आणि भाकरी बसून न थापता ओट्याशी उभ्याने थापली जाते. परातीखाली ओला फडका घातला की परात सरकत नाही. फार दुखेल त्या दिवशी पुतण्या भाकरी थापतो. सुरुवातीला पोरे त्याला हसली. आता त्याच्या भाकरीला पदर सुटतो.

काम आणि विश्रांती आलटून पालटून घ्यावी. सूज असेल त्या सांध्याला विसावा द्यावा, पण दिवसभर निजून राहू नये. सांधे आखडतात आणि स्नायू वाळतात. सूज नसताना चालणे व हलके व्यायाम रोज करावेत. बिडी-सिगारेटच्या धुराने हा रोग बळावतो. वहिनींचा आजार कळल्यावर दादांनी बिडी सोडली, ही या दुखण्याने केलेली एक भलाईच म्हणायची.

खाण्याचे म्हणाल तर आंबट सोडा, डाळ सोडा, दही सोडा असे सल्ले पुष्कळ मिळतात. सगळेच सोडले तर अंगात राहणार काय? संधिवातात हाडे आधीच ठिसूळ होतात, स्टिरॉईडने आणखी. दूध, नाचणी, डाळी, पालेभाज्या, ज्यांना चालते त्यांना अंडी-मासे, हे सर्व हवेच. एखादा पदार्थ खाल्ल्यावर स्वतःला त्रास होतो असे खात्रीने कळले, तर तेवढा तो टाळावा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा डोळे तपासून घ्यावेत.

यंदाच्या रोहिण्या

वहिनी बऱ्या झाल्या असे मी म्हणणार नाही. हा रोग मुळापासून जात नाही; तो ताब्यात राहतो. उजव्या हाताची दोन बोटे जी वाकली ती वाकलीच. पुड्यांत घालवलेल्या त्या दिवसांची ती किंमत आहे. पण वेणी त्या आपली आपण घालतात, बाजारला जातात, आणि गेल्या दोन पावसाळ्यांत त्यांना दवाखान्यात निजावे लागलेले नाही. सर्दी-खोकला झाला, नाही असे नाही. पण तो घरातच निभावला.

यंदा जनावरांच्या दवाखान्यातली माणसे आली तेव्हा दादांनी बैल बांधले, वेसण धरली. शेवटची सुई झाल्यावर त्यांनी हात धुतले, डोक्यावर टोपी घातली आणि ओसरीकडे बघून म्हणाले, "चला, आता तुमची पाळी." मोटारसायकलवर मागे बसवून ते वहिनींना तालुक्याला घेऊन गेले. कोणी सांगावे लागले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात, भावकीत, शेजारच्या वस्तीवर सकाळी ज्यांची मूठ वळत नाही अशी एखादी वहिनी, मावशी, आजी असेल. "हिला कामाचा कंटाळा" असे म्हणण्यापूर्वी तिचे हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा. सूज असेल तर डॉक्टरांकडे न्या. औषध चालू असेल तर गोळीचा वार विचारा. आणि पुढच्या वेळी गोठ्यातली लस झाली, की घरातली कोणाची राहिली हेही विचारा.